ठासणीच्या बंदुकीची कळ आणि तिचा तपकिरी रंग

लोखंडाला गंज चढतो हे सांगावयास व्याख्याता लागत नाही. शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांना तर नाहीच. आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या पायथ्याशी घासून ठेवलेला कोयता पाहता पाहता तांबडा होतो. पण हाच गंज शिस्तीने वाढविला तर तो लोखंडाचे रक्षण करतो, ही गोष्ट मात्र उलगडून सांगावयास हवी.

शेताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक कोकणपट्टीत काही घरी वाडवडिलांपासून चालत आलेली असते. टोपीवर आपटणारा घोडा, त्याला रेटणारी कमान, त्याला अडवून धरणारी खाच आणि हे सारे जिच्यावर बसविलेले असते ती बाजूची पट्टी, या सर्वांस मिळून आपण कळ म्हणू. पट्टी व घोडा यांना तपकिरी रंग देतात, तो वरून लावलेला रंग नव्हे. तो लोखंडाचाच बारीक, घट्ट गंज होय. मोकाट गंज भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि आत पोखरीत जातो. शिस्तीचा गंज पातळ थरांनी चढतो, घट्ट चिकटून राहतो आणि तेल धरतो.

कृती साधी, पण सबुरीची आहे. कळ सुटी करून पट्टी व घोडा चुन्याने घासून तेलकटपणा पार काढावा. नंतर बोट लावू नये. नवसागराचे पातळ पाणी फडक्याने एकदाच फिरवावे. दमट, उबदार जागी काही तास टांगल्यावर तांबूस बुरा येतो. तो जाड फडक्याने हलकेच पुसावा, म्हणजे सैल गंज जाऊन घट्ट तेवढा उरतो. असे सहा-आठ वेळा करावे. पावसाळ्यात हवाच हे काम करते. वैशाखात मात्र पेटीत गरम पाण्याचे भांडे ठेवावे लागते. अखेर सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून तेल द्यावे, म्हणजे गंज तेथेच थांबतो. प्रत्येक थर स्वच्छ पाण्यात उकळला, तर तांबडा गंज काळा होतो. जुन्या कृतींत रसकापूर घालीत. ते जहर आहे, त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. ही घाई चुलीच्या निखाऱ्यावर उरकू नये. पोलाद सुमारे 300 अंशांवर निळसर होते, आणि तापेल तसा त्याचा कठीणपणा उतरतो. लाल होईपर्यंत तापलेली कमान तर आपला ताणच गमावते. खाचेचे टोक मऊ पडले म्हणजे ते झिजते, आणि अर्धा चढविलेला घोडा न दाबता सुटतो. रंगाच्या हौसेपायी जीव जावयाचा! म्हणून कमान, खाच व आतील घासणारे भाग यांना गंजही देऊ नये आणि आचही. त्यांना स्वच्छता व तेल एवढेच पुरे.

1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या 5 व्या कलमानुसार बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. तेव्हा कळ उघडण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावे, आणि नळी ठासलेली नाही याची खात्री अगोदर करून घ्यावी. बंदूक केवळ आठवण म्हणून जपावयाची असेल, तर जुना तपकिरी थर घासून चकचकीत करू नये. तो मळ नसून तिच्या वयाची साक्ष आहे.