पाळीतले शिक्षण

पूर्वी पेढीवर नवा मुलगा आला की पहिली काही वर्षे तो मुनीमजींच्या शेजारी बसे. रोजमेळ लिहिणे शिकवता येई. माणूस पारखणे मात्र सहवासातूनच येई. भारतीय नौदलाच्या युद्धनौकांवर हीच रीत आजही चालू आहे.

नाविकाचे प्राथमिक शिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते. यंत्रविभागात जाणाऱ्यांना पुढे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये तांत्रिक शिक्षण मिळते. तेथे आग विझवण्याचा आणि जहाजात शिरणारे पाणी रोखण्याचाही सराव होतो. तरीही जहाजावर पाय ठेवताच तो पुन्हा विद्यार्थी ठरतो. प्रत्येक नाविक एखाद्या ‘डिव्हिजन’मध्ये असतो. त्याच्या प्रगतीची आणि अडीअडचणींची जबाबदारी डिव्हिजनल अधिकाऱ्यावर असते. हे नियमाने आलेले पालकत्व होय; जिव्हाळा जुळतो तो ‘वॉच’वर, म्हणजे पाळीत.

ही पाळी बहुधा चार तासांची. मध्यरात्रीनंतर इंजिनाच्या धडधडाटात अनुभवी पेटी ऑफिसर आणि नवखा नाविक शेजारी उभे असतात. पंपाचा बदललेला आवाज कसा ओळखावा, कोणत्या वासाने सावध व्हावे, हे तेथे हाताला धरून शिकवले जाते. चूक झाली तर ज्येष्ठ खडसावतो, आणि त्याच पाळीत घरच्यांची खुशालीही विचारतो. एके दिवशी तो काम नवख्याच्या हाती सोपवून स्वतः केवळ पाहत राहतो. शिष्याला मिळालेली ती पहिली पावती असते.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि या नात्यापुढे कठीण प्रश्न उभा राहिला. पूर्वी नाविकाची सुरुवातीची सेवाच साधारण पंधरा वर्षांची असे. अग्निवीराची चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार फार तर चौघांतील एक. मार्च २०२३ मध्ये चिल्का येथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. जो बहुधा निघून जाणार, त्याच्यासाठी ज्येष्ठाने जीव का ओतावा?

उत्तर समुद्रच देतो. कप्प्यात आग लागली तर ती कोणाची किती वर्षे उरली आहेत हे विचारत नाही. शेजारी उभा असलेला नवखा कच्चा राहिला, तर धोका ज्येष्ठासह साऱ्या जहाजाला असतो. म्हणून तेथे शिकवणे हा उपकार ठरत नाही. ते स्वतःच्या सुरक्षिततेचेही कर्तव्य असते.

‘शिकवलेला मुलगा उद्या स्वतःचे दुकान थाटेल’ या भीतीने हातचे राखणाऱ्या व्यापाऱ्यानेही हे ध्यानी घ्यावे. तो उद्या जाईल किंवा राहील. आजचा गल्ला मात्र त्याच्याच हाती आहे.