रेडिओत जायचंय? कॉलेजची बिल्डिंग नंतर बघा

परवा रामदासपेठेत लोकमत चौकाजवळ शेजारची मुलगी भेटली. "काका, रेडिओत जायचंय. कोणता कोर्स घेऊ?" आकाशवाणीवर हंगामी निवेदक म्हणून बोलत आलोय, म्हणून सांगतो.

आधी ठरवा, बोलायचंय की बातमी करायचीय? आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, लावायच्याच तर आकाशवाणीच्या लावता येतात. आरजे व्हायचं आणि पत्रकारिताही तिथेच करायची, हे जमणार नाही बाप्पा!

नागपूर आकाशवाणी १९४८ पासून सुरू आहे. हंगामी निवेदकासाठी सहसा कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी चुकत नाही. उच्चार कच्चे असतील तर पदविका कामी येत नाही.

नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे. पदवीनंतर अमरावतीचं आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्थान) आहे, तिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात.

कॉलेज बघायला गेलात की स्टुडिओ उघडून दाखवायला सांगा. विद्यार्थ्यांना आठवड्यातून किती तास मिळतो? एडिटिंग स्वतः करतात की सर करून देतात? मागच्या बॅचचं रेकॉर्डिंग ऐकवा म्हणा. कुलूप लागलेला स्टुडिओ मी पाहिलाय, माहितीपत्रकात मात्र त्याचा झकास फोटो होता.

पुण्यात विद्यापीठाचं 'विद्यावाणी' हे कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. असं केंद्र असलेलं कॉलेज मिळालं तर माझं झुकतं माप त्यालाच.

ऑडिशनबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा.