दुर्बिणीचा खालचा आकडा

दुर्बीण म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "किती लांबचे दिसते?" नाटकाला न्यायची असो, पक्षी पाहायची असो की गच्चीवर मांडून चंद्र पाहायची असो, गिऱ्हाईक हेच विचारते आणि दुकानदारही त्याच ओघात बोलतो. कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवीत असताना माझ्या विद्यार्थ्यांचीही हीच तऱ्हा असे. "किती जवळचे दिसते?" हा प्रश्न मात्र मला विचारावा लागला तो निवृत्तीनंतर, तोही अमेरिकेत आणि तोही रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीच्या बाबतीत! ज्याने जन्मात कधी चाप ओढला नाही अशा माणसाला हा सल्ला कोणी विचारावा? पण शेजारधर्म हा साता समुद्रांपलीकडेही शेजारधर्मच.

आमची लेक पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या शेजारी राहणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, शिकारीचे जुने शौकीन. "प्रोफेसर," ते एकदा कुंपणावरून म्हणाले, "तुम्ही भिंगे शिकवलीत ना? मग मला एक दुर्बीण निवडून द्या." त्यांच्या नातवाला बारावे वर्ष लागले होते. तिथे बाराव्या वर्षी मुलाला शिकारीचा परवाना मिळू शकतो. आजोबांची जुनी रायफल आता आजोबा आणि नातू दोघांनी वापरायची होती.

शिकार हा शब्द ऐकून वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार बंदच झाली. ते योग्यच झाले. तिथला प्रकार निराळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने पेनसिल्व्हेनियातली हरणे जवळजवळ संपली होती. तेव्हा १८९५ साली राज्याने शिकारीवर देखरेख करणारे खाते काढले आणि १९०६ पासून परराज्यांतून हरणे आणून सोडली. लांडगे आधीच नाहीसे झाले होते. हरणे इतकी वाढली की ओकची कोवळी रोपे वाढेनात आणि रस्तोरस्ती मोटारींना हरणे धडकू लागली. म्हणून आता नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, परवानाधारकांसाठी रायफलीचा हंगाम सुरू होतो आणि घरोघरी वर्षाचे मांस शीतपेटीत जाते.

डोळा एक, कामे तीन

आमच्या शेजाऱ्यांची अडचण अशी. त्यांच्या रानात लॉरेलची दाट झुडपे आहेत. तिथे हरीण उभे राहते ते वीस-तीस यार्डांवर. रान संपले की कापलेल्या मक्याचे शेत. तिथे तेच हरीण दीडदोनशे यार्डांवर चरते. दोन्ही ठिकाणी चालेल अशी दुर्बीण हवी होती.

मुळात दुर्बीण हवीच कशाला? साध्या रायफलीला डोळ्याजवळ एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी ‘माशी’. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणायची असतात. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट पाहू शकतो. तरुणपणी तो झरझर जुळवून घेतो. चाळिशीनंतर, वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागलो की, ती खाच धुरकट होऊन बसते. दुर्बिणीचा खरा उपकार इथे आहे. तिच्यातली फुली आणि समोरचे हरीण ही दोन्ही डोळ्याला एकाच पातळीवर दिसतात. लांबचे मोठे दिसते हा वरकड लाभ.

अर्थात दुर्बिणीवाचून नेम साधतच नाही, असे नव्हे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला मुळी परवानगीच नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला ५० मीटरच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते साध्या छिद्रातून पाहून! पण तिथे लक्ष्य एका जागी स्थिर असते आणि उजेड लख्ख असतो. रानात दोन्ही नसते.

आकड्यांची भाषा

आम्ही दुकानात गेलो. काचेच्या कपाटात शंभरेक नळ्या! तरुण दुकानदाराने अदबीने एक जाडजूड नळी काढली : ४-१६×५०. या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिले दोन आकडे म्हणजे लक्ष्य कमीत कमी चारपट व जास्तीत जास्त सोळापट जवळ भासते. शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. "दोनशे यार्डांवरच्या हरणाची पापणी दिसेल," दुकानदार म्हणाला. शेजाऱ्यांचे डोळे चमकले.

मी म्हटले, "आणि पंचवीस यार्डांवरचे हरीण?"

इथेच सारी मेख आहे. पट जसजशी वाढते तसतसा दिसणारा देखावा आक्रसतो. साधारण ३-९ पटीच्या दुर्बिणीतून शंभर यार्डांवर तिपटीला सुमारे ३३ फूट रुंदीचा देखावा दिसतो, नऊपटीला जेमतेम १३ फूट. अंतर पाव केले की रुंदीही पाव होते. म्हणजे पंचवीस यार्डांवर नऊपटीला सव्वातीन फूट! त्यात दिसते काय? तपकिरी केसांचा एक पट्टा. पुढचा भाग की मागचा, हरीण की दुसरेच काही, समजायला मार्ग नाही. दाराला डोळा चिकटवून किल्लीच्या भोकातून लग्नाची मिरवणूक पाहावी, तशी गत.

मग दोनशे यार्डांसाठी निदान किती पट हवी? याचे उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नेमबाजांच्या ली-एनफील्ड रायफलीवरची दुर्बीण साडेतीन पटीची होती, रशियनांचीही तेवढीच. त्या लोकांनी याहून पुष्कळ लांबचे नेम साधले. चारपटीतून पाहिलेले दोनशे यार्डांवरचे हरीण पन्नास यार्डांवर असल्यासारखे दिसते. तेवढे पुरे आहे. तेव्हा वरचा आकडा बेताचा चालेल. खालचा आकडा मात्र लहानच हवा.

संधिप्रकाशातले गणित

हरीण बाहेर पडते ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. त्या वेळी प्रकाश किती मिळतो याचा हिशेब शाळकरी मुलालाही येईल : भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ५० भागिले १६ म्हणजे तीन मिलिमीटरची प्रकाशचकती. नातवाची बाहुली अंधुक उजेडात सात मिलिमीटरपर्यंत फाकते, आजोबांची पाचाच्या आसपास. चकती तीनची, म्हणजे दोघांनाही अंधारच. आता ३३ मिलिमीटरचे लहान भिंग घ्या आणि चारपटीला ठेवा : आठ मिलिमीटर! नळी हलकी, उजेड भरपूर. शिवाय चकती मोठी असली की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी देखावा हरवत नाही. लहान मुलाला हे फार सोयीचे.

आणखी तीन गोष्टी मी तपासल्या. पहिली, डोळा आणि भिंग यांतले अंतर. ते साडेतीन-चार इंच हवे. नाहीतर रायफलीच्या धक्क्याने नळीची कड भुवईवर अर्धचंद्र कोरते. दुसरी, फुली. काही महागड्या दुर्बिणींत पट कमी केली की फुलीही बारीक होते आणि झुडपांत कोळ्याच्या तंतूसारखी हरवते. आम्ही घेतली ती बाहेरून जाड व मध्याशी बारीक रेघांची, कोणत्याही पटीला सारखीच दिसणारी.

तिसरी गोष्ट मुलांना घरी करून पाहता येईल. डोळ्यासमोर अंगठा धरून भिंतीवरचे कॅलेंडर पाहा आणि मान हलवा. अंगठा तारखांवरून सरकतो. दुर्बिणीतल्या फुलीचेही असेच होते. कारखानदार साधारणतः शंभर यार्डांसाठी हा दोष काढून टाकतात. त्याहून जवळ वा लांब तो थोडा उरतो, पण डोळा भिंगाच्या मध्यावर असला तर त्रास देत नाही.

दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसते, हेही विसरून चालत नाही. गोळी दृष्टिरेषेच्या खालून निघते, पंचवीस-तीस यार्डांच्या आसपास रेषा ओलांडते, थोडी वर जाते आणि पुन्हा खाली येते. आजोबांची रायफल .३०-०६ जातीची. ती दोनशे यार्डांना जुळवली की शंभरावर गोळी दोनेक इंच वर लागते आणि दहा-पंधरा यार्डांवर इंचभर खाली. हरणाच्या मर्माची जागा आठएक इंचांची. एवढा फरक तीत सामावतो. जखमी जनावर रानात तडफडत फिरू नये, यासाठी हे गणित ठाऊक हवे.

उरलेले पैसे

अखेर २-७×३३ ठरली. ती निम्म्याहून कमी किमतीत आली. उरलेल्या पैशांची काय वाट? मी सुचवले, "त्यांतून गळ्यात अडकवायची साधी आठपटीची दुर्बीण घ्या." कारण रायफलीवरची दुर्बीण ही नेम धरायची, शोधायची नव्हे. जिथे दुर्बीण वळते तिथे नळीही वळते. आणि झुडपात काय हलले हे पाहण्यासाठी नळी वळवली आणि तिथे माणूस निघाला तर? शिकाऱ्याने अंगावर भडक नारिंगी कापड घातले पाहिजे असा तिथे कायदा आहे, तो याच भयापोटी. आधी गळ्यातल्या दुर्बिणीने ओळख पटवायची, मगच रायफल खांद्याला. शेजाऱ्यांनी हे नातवाकडून महिनाभर घोकून घेतले.

हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी साठेक यार्डांवर, लॉरेलमध्ये, हरीण उभे राहिले. मुलाने आधी गळ्यातली दुर्बीण लावली, ओळख पटवली, रायफल उचलली. पट दोनावर होती. देखावा पंचवीसेक फुटांचा. चाप ओढणार तोच त्या वर्तुळाच्या डाव्या कडेला, हरणाच्या मागे दहा फुटांवर, काहीतरी नारिंगी हलले. मुलाने नळी खाली केली. कोणी दुसराच शिकारी ओढ्यातून वर येत होता. सोळापटीच्या दुर्बिणीत त्या अंतरावर चारपाच फुटांपलीकडचे काही दिसले नसते.

हरीण अर्थातच पळाले. पुढच्या आठवड्यात पोराला दुसरे मिळाले, मक्याच्या शेतात, दीडशे यार्डांवर. शेजारी कुंपणापाशी येऊन मला दोन्ही हकिगती सांगून गेले. हरणाची एकदा सांगितली. नारिंगी टोपीची दोनदा.