डेटाबेस पुनःप्राप्ती

संगणकातील डेटाबेस बिघडला, पुसला गेला किंवा त्यातील नोंदी परस्परविसंगत झाल्या, तर राखीव प्रती व व्यवहारनोंदवही यांच्या आधारे तो पुन्हा विश्वसनीय स्थितीत आणण्याच्या प्रक्रियेस डेटाबेस पुनःप्राप्ती म्हणतात. केवळ फायली पुन्हा उघडू लागणे म्हणजे पुनःप्राप्ती नव्हे. नोंदींमधील संबंध पूर्ववत जुळले पाहिजेत.

संबंधाधिष्ठित रचना : आयबीएम कंपनीतील संगणकवैज्ञानिक एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये ही रचना मांडली. तीत माहिती सारण्यांत ठेवतात आणि एका सारणीतील नोंद दुसरीतील नोंदीशी क्रमांकाने जोडलेली असते. गावचे महसुली दप्तर हे याचे परिचित उदाहरण होय. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापीकाठचे, दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. राज्यातील अन्य गावांप्रमाणे तेथेही जमिनीचा हक्क गाव नमुना ७ मध्ये, पीक नमुना १२ मध्ये, खातेदाराची एकूण जमीन नमुना ८-अ मध्ये आणि हक्कातील प्रत्येक बदल नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंदविला जातो. सातबाऱ्यावरील नावापाशी असलेला फेरफार क्रमांक हा दोन सारण्यांना जोडणारा दुवा असतो. तो तुटल्यास नाव शिल्लक राहते. पण ते कोणत्या आधाराने लागले, हे कळत नाही.

नेहमीची पद्धती : डेटाबेसचा कोणताही बदल मूळ सारणीत पक्का होण्यापूर्वी व्यवहारनोंदवहीत लिहिला जातो. सातबारा सद्यःस्थिती दाखवितो आणि फेरफार नोंदवही त्या स्थितीपर्यंतचा मार्ग दाखविते, तसाच हा संबंध आहे. बिघाड झाल्यास शेवटची पूर्ण राखीव प्रत उभी करून तिच्यानंतरचे बदल नोंदवहीवरून क्रमाने पुन्हा करतात आणि अपुरे राहिलेले व्यवहार रद्द करतात. सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये आयबीएममधील कार्यावर आधारित ‘एरीझ’ ही रीत प्रसिद्ध केली. तीत विश्लेषण, पुनःकृती व निरसन असे तीन टप्पे असून पुढील अनेक प्रणालींवर तिचा प्रभाव पडला.

साधने अपुरी पडण्याची कारणे : नोंदवहीचा एक दुवा हरवला, तर त्यापुढील दुवे उपलब्ध असूनही ते लावता येत नाहीत. बिघाड दीर्घकाळ लक्षात न आल्यास राखीव प्रतींतही तोच बिघाड उतरतो. चुकून पुसलेली नोंद जोडसंगणकावरूनही तत्काळ पुसली जाते. म्हणून जोडसंगणक हा राखीव प्रतीला पर्याय ठरत नाही. शिवाय प्रत घेण्याचे काम चालू आहे असे वाटत असताना ते बंद पडलेले असू शकते. गिटलॅब या कंपनीच्या मुख्य डेटाबेसच्या फायली ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून पुसल्या गेल्या. प्रत घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्याने रोजची प्रत तयारच होत नव्हती. सुमारे सहा तास आधी अन्य कामासाठी घेतलेल्या एका प्रतीवरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील नोंदी मात्र गमावल्या.

पर्यायी उपाय : प्रथम बिघडलेल्या डेटाबेसमधील लेखन थांबवून त्याची जशीच्या तशी प्रतिकृती घेतात आणि सर्व प्रयोग त्या प्रतिकृतीवरच करतात. माहिती तबकडीवर ठरावीक आकाराच्या पृष्ठांत साठविलेली असते. पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर या प्रणालींत पृष्ठ सामान्यतः ८ किलोबाइटचे, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १६ किलोबाइटचे असते. सारण्यांची रचना ठाऊक असल्यास ही पृष्ठे थेट वाचून नोंदी वेचता येतात. ही रचना वर्णन करणारी सूचीच नष्ट झाली, तर जुन्या प्रतीतून किंवा आज्ञावलीतून ती प्रथम मिळवावी लागते. शोध जलद व्हावा म्हणून ठेवलेल्या निर्देशसूचीत काही स्तंभांची दुसरी प्रत असते. मूळ पृष्ठ वाचता येत नसेल, तर तिचा उपयोग होतो. जुनी परंतु निर्दोष प्रत शेजारी उभी करून दोहोंतील तफावत काढणे हाही उपयुक्त मार्ग आहे. सक्तीने डेटाबेस उघडणारे पर्याय शेवटी वापरावेत. इनोडीबीत अशा सक्तीच्या सहा पायऱ्या असून चौथीपासून पुढे माहितीची कायमची हानी होऊ शकते.

पडताळणी : सातबाऱ्यावर लिहिलेला फेरफार क्रमांक नोंदवहीत आहे की नाही, हे यंत्र तपासू शकते, त्यासमोरील नाव खरे आहे की नाही, हे त्याला ठरविता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. खरेदीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे आणि कर्जाच्या बोजाची नोंद बँकेकडे किंवा विविध कार्यकारी सोसायटीकडे मिळते. परंतु वारसाच्या नोंदीमागे पुष्कळदा नोंदणीकृत दस्त नसतो. कागदांचा अर्थ लावण्यास स्थानिक माहितीही लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी स्थापन झाला. त्यापूर्वीच्या सारंगखेड्याच्या कागदांवर धुळे जिल्ह्याचे नाव असते. केवळ नाव जुळत नाही म्हणून यंत्राने असा कागद वगळला, तर खरा पुरावाच बाजूला पडेल.

सातबाऱ्यांच्या संगणकीकरणानंतर हस्तलिखित व संगणकीकृत उताऱ्यांत तफावती आढळल्या, तेव्हा महाराष्ट्रात २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर उतारे वाचून हरकती मागविण्यात आल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. ही मोहीम नष्ट डेटाबेसच्या पुनःप्राप्तीची नसली, तरी स्वतंत्र साक्षीने नोंद तपासण्याचे तत्त्व तेच होते.

महत्त्व : याच अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे पुनःप्राप्तीत चुकीची ठरलेली नोंदही प्रथमदर्शनी खरी ठरते आणि ती खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार खातेदारावर येतो. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे १ मे २०१८ पासून उपलब्ध झाले. नवे फेरफार संगणकातच नोंदविले जात असल्याने जुने हस्तलिखित दप्तर त्यांची साक्ष देऊ शकत नाही. म्हणून राखीव प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, त्यांपैकी एक तरी मूळ यंत्रणेच्या आवाक्याबाहेर असणे आणि प्रतीवरून संपूर्ण डेटाबेस ठरावीक काळाने प्रत्यक्ष उभा करून पाहणे आवश्यक ठरते. ज्या प्रतीवरून डेटाबेस कधी उभा करून पाहिलेला नाही, ती प्रत उपयोगी पडेलच, असे मानता येत नाही.