दहा टक्के की तेरा?

गेल्या वर्षी आमचा भाचा नोकरीस लागला आणि तिसऱ्याच महिन्यात स्कूटरचे कागद घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी आला. एक लाख रुपये कर्जाऊ घ्यावयाचे, मुदत तीन वर्षे. शोरूममधील कर्जवाला दहा टक्के सांगत होता, बँक तेरा. "मामा, यात विचार तो काय करायचा?" क्षणभर आम्हालाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मग पेन्सिल घेऊन बसलो. ते दहा टक्के 'फ्लॅट' होते. म्हणजे व्याज तिन्ही वर्षे संपूर्ण लाखावर. व्याज ३०,००० रुपये, हप्ता ३,६११. वास्तविक दर हप्त्यासरशी मुद्दल फिटत जाते. छत्तिसाव्या महिन्यात भाच्याकडे त्यांचे जेमतेम साडेतीन हजार उरलेले असणार, आणि व्याज मात्र लाखाचे! बँकेचे तेरा टक्के उरलेल्या मुदलावर होते. तेथे हप्ता ३,३६९ आणि एकूण व्याज सुमारे २१,३०० रुपये. त्या रीतीने मोजल्यास कर्जवाल्याचे दहा टक्के जवळजवळ अठरा होतात. शिवाय तीन हजार 'प्रोसेसिंग'चे आधीच कापून हाती सत्त्याण्णव हजारच पडणार होते. तेही धरले की दर वीस टक्क्यांवर जातो.

'बिनव्याजी हप्ता' हाही याच जातीचा. रोखीने मिळणारी सूट सोडावी लागत असेल, तर ती सूट हेच व्याज. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर नव्या किरकोळ कर्जासोबत सर्व आकार धरून काढलेला वार्षिक दर, 'एपीआर', तपशीलपत्रात देणे बंधनकारक आहे. वाचकांनी सहीपूर्वी तो कागद मागून घ्यावा, संकोच कसला?

दर कळला, तरी झेपेल का हे उरतेच. खोलीचे भाडे, खानावळ आणि आईला पाठवायचे पैसे जाऊन भाच्याकडे साडेपाच हजार राहत. त्यातच पेट्रोल, विमा, आजारपण. आमच्या सौभाग्यवतींनी तोड काढली: सहा महिने साडेतीन हजारांचा हप्ता स्वतःलाच भरून पाहा. भाचा जरा हिरमुसला. दिवाळीच्या महिन्यात त्याची पुरती ओढाताण झाली, पण एकही महिना चुकला नाही. एकवीस हजार जमले. मग बँकेकडून ऐंशी हजारच घेतले. हप्ता २,६९५ रुपये बसला. स्कूटर निळी आहे.