कर किती, यापेक्षा कर कशावर

१९६३ साली स्थापन झालेला बेंगळुरूचा शेअर बाजार २०१४ मध्ये गाशा गुंडाळून गेला. पण देशभरच्या हौशी ट्रेडरांचा रस्ता आज याच शहरातून जातो. २०१० मध्ये इथे झिरोधा सुरू झाली, नंतर ग्रो आली, आणि ऑप्शनच्या एका ऑर्डरला सरसकट वीस रुपये दलाली हे गणित लातूर-सांगलीच्या मोबाइलपर्यंत पोचलं. त्यामुळे रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, वाढला की पहिली ओरड इथून होते. १ एप्रिल २०२६ पासून फ्युचर्सवरचा कर ०.०२ वरून ०.०५ टक्के आणि ऑप्शनच्या प्रीमियमवरचा ०.१ वरून ०.१५ टक्के झाला, तेव्हा वाद पुन्हा दरावरच रंगला. खरी गोम दरात नाही, हा कर मोजतात कशावर यात आहे.

समजा, निफ्टीचा एक लॉट, म्हणजे पंधरा लाखांचा सौदा आहे. तेवढेच शेअर रोखीने घेऊन ठेवणारा ०.१ टक्क्याने दीड हजार रुपये भरतो, विकताना पुन्हा तेवढेच. फ्युचर विकणारा साडेसातशे भरतो. ऑप्शन विकणाऱ्याचा प्रीमियम आठ हजार असेल, तर कर होतो बारा रुपये, दलालीपेक्षाही कमी. एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या दिवशी दुपारी, ज्याला ट्रेडर ‘हीरो-झीरो’ म्हणतात त्या खेळात, हाच लॉट दोनशे रुपयांना मिळतो आणि सरकारच्या वाट्याला येतात तीस पैसे. ही वाट २००८ मध्ये आखली गेली. पी. चिदंबरम यांनी २००४ मध्ये कर आणला तेव्हा ऑप्शनवर तो मूळ सौद्याच्या किमतीसकट मोजला जाई. जून २००८ पासून तो फक्त प्रीमियमवर आला. पुढे सट्टा ऑप्शनकडे सरकला त्याला इतरही कारणं आहेत, साप्ताहिक एक्स्पायरी त्यातलं मोठं; पण करानेही तीच दिशा दाखवली. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के किरकोळ ट्रेडर तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता.

आक्षेप तीन. पहिला, दुहेरी कराचा, आणि तो रास्त आहे: २००४ मध्ये एसटीटीच्या बदल्यात दीर्घकालीन नफ्यावरचा कर माफ झाला होता, २०१८ मध्ये तो परत आला, एसटीटी मात्र राहिला. म्हणून रोखीच्या खरेदीवरचा कर उतरवायलाच हवा. दुसरा आक्षेप स्वीडनचा: तिथे १९८४ मध्ये कर आला, १९८६ मध्ये दुप्पट झाला, सौदे लंडनला पळाले आणि १९९१ मध्ये तो गुंडाळावा लागला. पण निफ्टीचा किरकोळ ट्रेडर फोन घेऊन लंडनला जात नाही, आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बड्या कंपन्यांना त्याच्यासाठीच इथे यावं लागतं. तिसरा आक्षेप असा, की ऑप्शन घेणाऱ्याची जोखीम प्रीमियमपुरतीच असते, मग २००८ पूर्वीसारखा पंधरा लाखांवर कर का? मान्य, नकोच. प्रत्येक लॉटला पन्नास रुपयांसारखी ठरावीक रक्कम लावली तरी पुरे. पंधरा लाखांच्या शेअरांना विमा म्हणून महिन्यातून एकदा पुट ऑप्शन घेणाऱ्याला हे पन्नास रुपये जाणवणारही नाहीत. एका दुपारी वीस लॉट उलटसुलट करणाऱ्याचे मात्र हजार जातील.