तबकावर मळलेली साखर

शिजलेल्या पाकातली मळी आपल्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगल यंत्र काही मिनिटांत वेगळी करते. जपानच्या शिकोकू बेटावर कागावा व तोकुशिमा भागांत मोजकी घराणी हेच काम आजही हातांनी करतात. त्या साखरेला 'वासानबोन' म्हणतात.

अठराव्या शतकात शोगुन योशिमुने यांनी जपानात ऊस लागवडीला उत्तेजन दिले. या साखरेचा ऊस बांबूसारखा बारीक, आपल्या को. ८६०३२ पुढे अगदीच काडी! रस उकळून, मळ काढून, थंड केला की तांबूस राब मिळते. ती कापडात बांधून पेटीत घालायची, दांड्याला दगड टांगून दाबायची, म्हणजे मळी गळते. मग पाण्याचा हात लावून मळायची अन् पुन्हा दाबायची. 'सान' म्हणजे तीन, 'बोन' म्हणजे तबक. तीनदा तबकावर मळलेली, असा नावाचा अर्थ सांगतात. हल्ली त्याहून जास्त वेळाही मळतात.

वाळलेली बारीक साखर किंचित ओलावून लाकडी साच्यांत दाबतात. फुलापानांच्या वड्या होतात. आपल्या पाडव्याच्या गाठीत पाक ओततात, इथे मात्र विस्तव नाही. कडवट मात्चा चहाबरोबर ही वडी जिभेवर लगेच विरघळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त परदेशी साखर आली आणि बहुतेक कारागीर बसले. भावात यंत्राशी झुंजणे त्यांना शक्यच नव्हते. जे टिकले ते चवीवर. आम्हांला वाटते, आपल्याकडच्या गुऱ्हाळवाल्यांनीही हे ध्यानी घ्यावे. आणि एक गोष्ट विसरू नये : तो बारीक ऊस लावणारा शेतकरी आहे, म्हणूनच ते कसब आहे.